पदक नसलेला विक्रमवीर : मेक्सिकोचा आर्तुरो बारिओस

प्रश्न थोडक्यात असा आहे. १०,००० मीटरच्या जागतिक विक्रमांची यादी चाळताना पोर्तुगालचा मामेदे आणि केनियाचा चेलिमो यांच्या मधोमध मेक्सिकोच्या आर्तुरो बारिओसचं नाव लागतं. पण त्याच्याकडे ऑलिम्पिक पदक नाही आणि जागतिक स्पर्धेचंही नाही. मग तो एका रात्रीचा चमत्कार होता का? आणि हाफ मॅरेथॉन पळणाऱ्या हौशी माणसाला त्याच्या कारकिर्दीतून घेण्यासारखं काही आहे का?

चमत्कार अजिबात नव्हता. मी लांब पल्ल्याच्या मुलामुलींना सराव देतो, आणि वेग कसा धरून ठेवायचा हे समजावताना माझ्या तोंडी बेकेले किंवा फारा या अलीकडच्या दिग्गजांच्या आधी बारिओसचं नाव येतं. आता कारणं सांगतो. उत्तर लांबेल.

आधी तुम्ही पाहिलेली यादीच पुन्हा नीट बघा. १९७३ मध्ये डेव्हिड बेडफर्डने लंडनला २७:३०.८ (२७ मिनिटं ३०.८ सेकंद) अशी वेळ दिली. १९७७ मध्ये केनियाच्या सॅमसन किमोब्वाने हेलसिंकीत ती किंचित सुधारली. १९७८ मध्ये हेन्री रोनोने व्हिएन्नात २७:२२ च्या घरात नेली. १९८४ मध्ये स्टॉकहोमला फर्नांदो मामेदे २७:१३.८१ आणि १९८९ मध्ये बर्लिनला बारिओस २७:०८.२३. या पाचांपैकी एकाकडेही ऑलिम्पिक पदक नाही, अगदी ब्राँझसुद्धा नाही. म्हणजे जुलै १९७३ ते जुलै १९९३, तब्बल वीस वर्षं, दहा हजारचा जागतिक विक्रम अशाच माणसांच्या नावावर राहिला.

प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. किमोब्वा आणि रोनो यांचा दोष नाही, कारण केनियाने १९७६ आणि १९८० या दोन्ही ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला होता. बेडफर्ड १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकला सहावा आला. मामेदेचं प्रकरण सगळ्यांत चटका लावणारं आहे. विक्रम केल्यानंतर पाच आठवड्यांनी लॉस एंजेलिस ऑलिम्पिकच्या अंतिम शर्यतीत तो मध्येच ट्रॅक सोडून निघून गेला. तेव्हा ‘विक्रम आहे पण पदक नाही’ हे बारिओसच्या एकट्याच्या कपाळी लिहिलेलं नव्हतं. विक्रम आणि पदक या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. दोन्हींत पहिला येणारा नुर्मी, झाटोपेक किंवा गेब्रसेलासी हा अपवाद असतो.

बारिओसचा जन्म १२ डिसेंबर १९६२ चा, मेक्सिको सिटीतला. ज्यांना मेक्सिको ठाऊक आहे त्यांना ही तारीख लगेच कळेल. तो ग्वादालूपेच्या मातेचा सणाचा दिवस, आणि त्या दिवशी लाखो लोक चालत, काही तर धावत तिच्या दर्शनाला येतात. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. योगायोग म्हणजे आपले धावपटू उंचीवरच्या सरावासाठी ज्या उटीला जातात, तिची उंचीही जवळजवळ तेवढीच. फरक एवढाच, की आपली मुलं तिथे काही आठवडे राहून खाली उतरतात आणि बारिओस तिथेच जन्मला आणि वाढला.

या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन-चतुर्थांश असतो. प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो, त्यामुळे शरीर हळूहळू रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवतं. दमाच्या खेळाला ते फायद्याचं. पण याची दुसरी बाजू लोक विसरतात. तिथे जोरात पळताच येत नाही. १९६८ चं ऑलिम्पिक मेक्सिको सिटीत झालं, तेव्हा १०,००० मीटरचं सुवर्ण नफ्ताली तेमूने २९:२७ मध्ये जिंकलं. चारच वर्षांपूर्वी टोकियोत बिली मिल्सची वेळ २८:२४ होती. हवेनेच एक मिनिट खाल्लं. त्यामुळे उंचीवर राहणाऱ्या धावपटूचा दम मोठा होतो, पण पायांना शर्यतीचा वेग ओळखीचा राहत नाही. तो वेग शिकायला खाली उतरावंच लागतं, आणि बारिओसच्या कारकिर्दीत हे उतरणं फार वेळेवर झालं.

१९६८ च्या त्याच ऑलिम्पिकमध्ये मेक्सिकोचा हुआन मार्तिनेस ५,००० आणि १०,००० या दोन्ही शर्यतींत चौथा आला. घरच्या मैदानावर दोनदा पदक एका जागेने हुकलं. त्या ऑलिम्पिकच्या तयारीसाठी मेक्सिकोने पोलंडहून प्रशिक्षक आणले होते. चालण्याच्या शर्यतीसाठी येर्झी हाउस्लेबर आले आणि धावण्यासाठी तादेउश केम्प्का. ऑलिम्पिक संपलं तरी हे दोघे परत गेले नाहीत, आणि पुढची कित्येक वर्षं मेक्सिकोच्या ॲथलेटिक्सवर त्यांचीच छाप राहिली. केम्प्का यांच्या तालमीतला रोदोल्फो गोमेस १९८२ च्या न्यू यॉर्क मॅरेथॉनमध्ये अल्बर्टो सालाझारच्या मागे फक्त चार सेकंदांनी दुसरा आला. बारिओस याच परंपरेतला. आपल्याकडे परदेशी प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह यांनी कविता राऊत, ललिता बाबर यांच्या पिढीसाठी जे केलं, ते पाहिलेल्यांना बाहेरून आलेला एक हट्टी माणूस काय करू शकतो हे वेगळं सांगायला नको.

मग टेक्सास. आधी व्हार्टन इथलं दोन वर्षांचं ज्युनियर कॉलेज, नंतर टेक्सास ए अँड एम विद्यापीठ आणि मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी. सखल प्रदेश, उकाडा आणि कॉलेजांमधल्या शर्यतींचं भरगच्च वेळापत्रक. पायांना वेगाची ओळख इथे झाली. पुढे तो कोलोरॅडोतल्या बोल्डरला स्थायिक झाला. बोल्डर १,६०० मीटरच्या थोडं वर आहे, म्हणजे मेक्सिको सिटी आणि समुद्रकिनारा यांच्या मधली तडजोड. रक्ताला उंची मिळते आणि वेगाचे सराव फारसे मंदावत नाहीत.

त्या काळात अमेरिकेतल्या रोड रेसमध्ये बक्षिसाचा पैसा उघडपणे मिळायला लागला होता, आणि मेक्सिकोच्या धावपटूंसाठी तीच रोजीरोटी होती. १९८६ मध्ये फीनिक्सला बारिओस रस्त्यावरचे १० किलोमीटर २७:४१ मध्ये पळाला. तेव्हा ती जगातली सर्वोत्तम वेळ होती. सॅन फ्रान्सिस्कोची ‘बे टू ब्रेकर्स’ त्याने अनेकदा जिंकली. ३१ डिसेंबरला साओ पावलोत होणारी ‘साओ सिल्व्हेस्ट्रे’ १९९० आणि १९९१ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याचीच होती. पॅन अमेरिकन स्पर्धेत ५,००० मीटरचं सुवर्ण १९८७ आणि १९९१ मध्ये. तेव्हा त्याची पाटी कोरी होती असं कुणी म्हणू नये.

आता मोठ्या स्पर्धांकडे येऊ, कारण तुमचा खरा आक्षेप तिथे आहे. १९८७ च्या रोममधल्या जागतिक स्पर्धेत १०,००० मध्ये तो चौथा आला. १९८८ ला सोल ऑलिम्पिकमध्ये पाचवा आणि १९९२ ला बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये पुन्हा पाचवा. ‘त्याच्याकडे शेवटच्या फेरीचा जोर नव्हता म्हणून हरला’ असं सोपं स्पष्टीकरण बऱ्याचदा ऐकायला मिळतं. मला ते पटत नाही. सोलची शर्यत शेवटच्या फेरीच्या घंटेवर ठरलीच नाही. मोरोक्कोच्या ब्राहिम बुताइबने पहिले ५,००० मीटर १३:३५ मध्ये काढले आणि २७:२१.४६ ला जिंकला. बारिओसची वेळ २७:३९.३२ होती. अठरा सेकंदांचं अंतर जोराच्या अभावाने पडत नसतं. त्या दिवशी पुढचे चौघे त्याच्यापेक्षा चांगले पळाले, हे मान्य करून पुढे जावं.

तरी दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. तेव्हा १०,००० मीटरला आधी पात्रता फेरी असे, म्हणजे मोजक्या दिवसांत पूर्ण अंतर दोनदा पळायचं. शिवाय अंतिम शर्यतीत वेग सारखा राहत नाही. कुणीतरी मध्येच एक फेरी बासष्ट सेकंदांत काढतो, पुढची सत्तरवर येते, पुन्हा झटका बसतो. असे झटके सोसणं हे वेगळं कसब आहे, आणि उत्तर व पूर्व आफ्रिकेचे धावपटू त्यात तरबेज होते. बार्सिलोनात खालिद स्काह आणि रिचर्ड चेलिमो पुढे निघून गेले. २७:४६ ची ती शर्यत वेळेच्या हिशोबाने विक्रमवीराच्या आवाक्यातली होती, तरी तो अर्ध्या मिनिटाने मागे पडला. त्याच्या मागोमाग सहावा आला तोही मेक्सिकोचाच, हेर्मान सिल्व्हा. त्याच्याकडे पुढे येतो.

बारिओसची खरी ताकद दिसते ती १८ ऑगस्ट १९८९ ला पश्चिम बर्लिनमध्ये. २७:०८.२३. मामेदेच्या वेळेपेक्षा साडेपाच सेकंद कमी. २५ फेऱ्यांनी भागलं तर फेरीमागे सरासरी ६५.१ सेकंद येतात. आपल्या जिल्हा पातळीवरच्या चांगल्या मुलांना ही एक फेरी ६५ मध्ये काढता येते. त्याने तशा पंचवीस काढल्या. त्याच उन्हाळ्यात लंडनला त्याने ५,००० मीटर १३:०७.७९ मध्ये काढले होते, फेरीमागे ६३ सेकंदांनी. हे दोन आकडे शेजारी ठेवा. अंतर दुप्पट झालं आणि फेरी फक्त दोन सेकंदांनी महागली. कसलेल्या धावपटूंचा वेगसुद्धा अंतर दुप्पट होताना साधारण चार टक्क्यांनी उतरतो. इथे उतार साडेतीन टक्क्यांच्याही आत आहे. माणसाची दमाची ताकद याच उतारावरून ओळखायची. पदकांच्या तक्त्यात ती सापडत नाही.

हा विक्रम जवळजवळ चार वर्षं टिकला. ५ जुलै १९९३ ला चेलिमोने स्टॉकहोममध्ये तो केवळ ०.३२ सेकंदाने मोडला, आणि पाचच दिवसांनी योबेस ओंडिएकी ऑस्लोत २६:५८.३८ ला पोहोचला. १९९८ पर्यंत गेब्रसेलासीने तो २६:२२.७५ वर नेऊन ठेवला. नऊ वर्षांत पाऊण मिनिट उतरलं. त्या वावटळीत बर्लिनचं नाव मागे पडलं, त्यात नवल नाही. पण या विक्रमाचा आफ्रिकेबाहेर जन्मलेला शेवटचा मानकरी बारिओसच. मेक्सिकोचा राष्ट्रीय विक्रम म्हणून तर ही वेळ तीस वर्षांहून जास्त काळ उभी राहिली.

पण मला विचाराल तर त्याचं सर्वोत्तम काम बर्लिनचं नव्हतं. ते ३० मार्च १९९१ चं, फ्रान्समधल्या ला फ्लेश या छोट्या गावातलं. तिथे तो एक तासाच्या विक्रमासाठी उतरला.

एक तासाची धाव आता फार कुणी पळत नाही, म्हणून थोडं सांगतो. नेहमी अंतर ठरलेलं असतं आणि वेळ मोजतात. इथे वेळ ठरलेली आणि अंतर मोजायचं. साठ मिनिटं पूर्ण होताच पिस्तुलाचा बार होतो आणि त्या क्षणी धावपटू जिथे असेल तिथे खूण करतात. अंतिम रेषा नाही, फीत नाही. एखाद्या वळणावर, प्रेक्षकांपासून लांब, शर्यत संपते. पावो नुर्मीने १९२८ मध्ये बर्लिनला १९,२१० मीटर काढले होते. एमिल झाटोपेकने १९५१ मध्ये पहिल्यांदा वीस किलोमीटर ओलांडले. १९७६ मध्ये नेदरलँड्सच्या योस हेर्मेन्सने २०,९४४ मीटरवर नेलेला विक्रम पंधरा वर्षं जागचा हलला नव्हता.

हेर्मेन्सला मागे टाकण्याखेरीज बारिओसपुढे आणखी एक आकडा होता, २१,०९७.५. हाफ मॅरेथॉनचं अंतर. एका तासात ते अंतर तोवर कुणी कापलं नव्हतं, रस्त्यावरही नाही. त्यासाठी हेर्मेन्सपेक्षा दीडशे मीटर जास्त पळावं लागणार होतं. फेरीच्या भाषेत सांगायचं तर हेर्मेन्सची सरासरी ६८.७५ सेकंद होती आणि हवी होती ६८.२५. अर्धा सेकंद. ऐकायला काहीच नाही. पण बावन्न फेऱ्या प्रत्येक वेळी अर्धा सेकंद वाचवायचा म्हणजे काय, ते ट्रॅकवर गोल गोल फिरलेल्यालाच कळेल.

बारिओसने २१,१०१ मीटर काढले. हाफ मॅरेथॉनपेक्षा साडेतीन मीटर जास्त. त्या वेगाने साडेतीन मीटर म्हणजे सहा-दशांश सेकंद. तासाच्या अगदी काठावरून तो आत आला.

आता वाटेतली वेळ पाहा. २०,००० मीटरवर त्याने ५६:५५.६ नोंदवले आणि तोही जागतिक विक्रम झाला. तिथपर्यंतची सरासरी फेरीला ६८.३ पडते. उरले ३ मिनिटं ४ सेकंद. त्यात तो १,१०१ मीटर पळाला, म्हणजे फेरी ६७ वर आली. मी कागदावर हिशोब केला. पहिल्या वीस किलोमीटरचा वेग त्याने शेवटपर्यंत तसाच ठेवला असता, तर बार झाला तेव्हा तो साधारण २१,०८० मीटरवर असता. हेर्मेन्सचा विक्रम आरामात मोडला असता, पण हाफ मॅरेथॉनचं अंतर सतरा-अठरा मीटरनी हुकलं असतं. ज्या माणसाला ‘जोर नाही’ म्हणतात त्याने पन्नास फेऱ्यांनंतर वेग वाढवला, आणि इतिहासातली त्याची जागा त्या तीन मिनिटांत पक्की झाली.

रस्त्यावर हाफ मॅरेथॉन तासाच्या आत यायला आणखी दोन वर्षं लागली. एप्रिल १९९३ मध्ये मिलानला मोझेस तनुईने ५९:४७ ची वेळ दिली. बारिओसचा तासाचा विक्रम २००७ पर्यंत टिकला, सोळा वर्षं. ऑस्ट्रावाला हाइले गेब्रसेलासीने २१,२८५ मीटर काढून तो मोडला. गंमत अशी, की तेव्हा हाइलेचा मॅनेजर होता योस हेर्मेन्स, ज्याचा विक्रम बारिओसने हिरावला होता तोच. पुढे २०२० मध्ये ब्रुसेल्सला मो फारा २१,३३० वर गेला, ट्रॅकच्या कडेला वेग दाखवत पळणाऱ्या दिव्यांच्या साथीने आणि नव्या जमान्याच्या बुटांनी. एकोणतीस वर्षांत भर पडली २२९ मीटरची.

मॅरेथॉनमध्ये मात्र हा हिशोब बिघडतो. बारिओस या अंतराकडे उशिरा वळला, तिशी गाठल्यावर. १९९३ च्या न्यू यॉर्कला तो तिसरा आला. १९९४ च्या बोस्टनला २:०८:२८ मध्ये पाचवा. ती शर्यत कॉस्मस एनदेतीने २:०७:१५ ला जिंकली आणि मेक्सिकोचा आंद्रेस एस्पिनोसा चार सेकंदांनी दुसरा आला. २:०८:२८ ही वाईट वेळ नव्हे. पण ट्रॅकवरचा उताराचा हिशोब लावला तर त्याच्याकडून फेरीला ७१ सेकंदांच्या आसपासचा वेग अपेक्षित होता आणि मिळाला ७३. माझं मत असं, की पस्तीस किलोमीटरनंतर इंधनाचा प्रश्न येतो तेव्हा लयीचं कसब एकटं पुरत नाही. त्यासाठी वेगळा सराव बरीच वर्षं करावा लागतो, आणि ती वर्षं त्याने ट्रॅकला दिली होती. त्याबद्दल मी तरी तक्रार करणार नाही.

मॅरेथॉनचं मैदान त्याच्या देशबांधवांनी गाजवलं. न्यू यॉर्कला १९९१ मध्ये साल्वादोर गार्सिया, १९९३ मध्ये एस्पिनोसा, १९९४ आणि १९९५ मध्ये हेर्मान सिल्व्हा. लंडनला १९९४, १९९५, १९९६ अशी सलग तीन वर्षं दिओनिसिओ सेरोन. १९९५ च्या गॉथेनबर्गच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉनचं रौप्यही सेरोनचंच. या पिढीतले बरेच जण मेक्सिकोतल्या तोलुका शहराच्या आसपास, नेवादो दे तोलुका या ज्वालामुखीच्या उतारांवर तयार झाले. सिल्व्हाची १९९४ ची शर्यत तर दंतकथाच झाली आहे. शेवट जवळ आलेला असताना तो चुकून सेंट्रल पार्कात आधीच वळला, मागे फिरून मूळ रस्त्यावर आला, तोवर बेंहामिन पारेदेस पुढे निघून गेला होता. सिल्व्हाने त्याला गाठलं आणि दोन सेकंदांनी हरवलं. त्या गोंधळात तिसरा कोण आला ते कुणाला आठवत नाही. तो बारिओस होता. फक्त त्याच्या नावापुढे आता अमेरिका लिहिलं होतं.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं होतं. यावरून त्याला नावं ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, तेही ज्यांच्या घरातली निम्मी मंडळी न्यू जर्सीत आहेत असे. शिक्षण तिथलं, घर तिथलं, पोट भरणाऱ्या शर्यती तिथल्या. विक्रम केले तेव्हा तो मेक्सिकोचा होता आणि ते विक्रम मेक्सिकोच्याच खात्यावर आहेत. मला त्यात विश्वासघात दिसत नाही.

सेरोन मोठा की बारिओस, हा मेक्सिकन रसिकांचा आवडता वाद. मॅरेथॉनपटू म्हणून सेरोन, यात दुमत नाही. पण ५,००० मीटरपासून एका तासापर्यंत सगळीकडे जगाच्या पहिल्या रांगेत उभा राहिलेला मेक्सिकन धावपटू एकच.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. बारिओसचे आकडे आपल्या कामाचे नाहीत. कामाची आहे ती त्याची पद्धत, म्हणजे वेग पायांना पाठ करणं. आमच्या धावपटूंचा मोठा घोटाळा पहिल्या तीन किलोमीटरमध्ये होतो. दोन तासांची हाफ पळू शकणारा माणूस सुरुवातीला ५:१५ ने सुटतो, कारण अंग ताजं असतं आणि बाजूने लोक पळत असतात. सतराव्या किलोमीटरला तो चालतो. दोन तासांसाठी किलोमीटरला ५:४१ हवेत, ४०० मीटरच्या फेरीला १३६ ते १३७ सेकंद. हा आकडा घड्याळाकडे न बघता पायांनी सांगता आला पाहिजे.

त्यासाठी जीपीएस घड्याळ काढून ठेवा. ट्रॅकच्या वळणांवर ते अंतर चुकीचं दाखवतं आणि तुम्ही त्याच्यावर विसंबून राहता. जवळ ४०० मीटरचा ट्रॅक असेल तर पहिल्या लेनमध्ये पळा. शाळेचं मातीचं मैदान असेल तर टेपने एकदा मोजून खुणा करून घ्या, अंदाजपंचे नको. मित्राच्या हातात स्टॉपवॉच द्या. आठ फेऱ्या पळा, आणि प्रत्येक फेरी संपताना किती सेकंद झाले असतील ते तुम्ही आधी बोला, मग त्याने खरी वेळ सांगावी. सुरुवातीला दहा-बारा सेकंदांचा फरक पडतो आणि माणूस चिडतो. नेमाने आठवड्यातून एकदा केलं तर दोन-अडीच महिन्यांत फरक दोन-तीन सेकंदांवर येतो. तिथे आलात की तुम्ही शर्यतीत सुरुवातीला वाहून जात नाही, कारण चुकीचा वेग अंगाला खुपायला लागतो.

साताऱ्याच्या यवतेश्वर घाटासारख्या मार्गावर हे जसंच्या तसं चालणार नाही. चढावर फेरीचे सेकंद धरायला गेलात तर फुटाल. तिथे श्वासाची लय सारखी ठेवायची आणि वेग खाली जाऊ द्यायचा. सपाट रस्त्यावर पाठ केलेली लय तिथेही उपयोगी पडते, फक्त मोजमाप बदलतं.

आणि एक तासाची धाव? ती करून बघायला हरकत नाही. चांगला सराव असलेल्या माणसाला एक तास जो वेग जेमतेम पेलतो, तो त्याच्या दमाच्या मर्यादेचा बराच खरा आकडा असतो. प्रयोगशाळेत रक्त काढून जे कळतं त्याच्या जवळपासचं उत्तर फुकटात मिळतं. पण हौशी धावपटूने पूर्ण जोराने तासभर पळलं तर पुढचा आठवडा पाय जड राहतात, म्हणून मी आधी अर्ध्या तासाची चाचणी घेतो. फेऱ्या मोजायला दुसरा माणूस हवाच, कारण पंधराव्या फेरीनंतर स्वतःची मोजणी चुकते. पहिली दहा मिनिटं तुम्हाला सोपं वाटतंय त्यापेक्षाही किंचित सावकाश काढा आणि शेवटच्या पाच मिनिटांतच वेग वाढवा. अर्ध्या तासाला शिटी वाजली की पाय जिथे असेल तिथे खडूने खूण करून अंतर वहीत लिहा, आणि सहा आठवड्यांनी त्याच मैदानावर, दिवसाच्या त्याच वेळी, पुन्हा घ्या. दोन्ही चाचण्यांमध्ये पहिली आणि शेवटून दुसरी फेरी किती सेकंदांची होती तेही शेजारी लिहून ठेवा. मी आधी तेच बघतो, एकूण अंतर नंतर.